सगळी फील्ड एकत्र केली, तरी शोध हळू किंवा चुकीचा: इलॅस्टिकसर्चमधली तपासणी, सोप्याकडून अवघडाकडे

इंडेक्समधली (शोधासाठी भरलेल्या साठ्यातली) सात-आठ फील्ड, म्हणजे नोंदीचे रकाने, कॉपी_टू हे सेटिंग वापरून एका फील्डमध्ये गोळा करायची आणि शोध त्या एकाच फील्डवर चालवायचा, ही इलॅस्टिकसर्च या शोध-इंजिनातली जुनी आणि भरवशाची युक्ती आहे. तरीही ती लावल्यावर "वेग काही वाढला नाही, उलट आधी सापडायचं तेही आता सापडत नाही" अशी तक्रार हमखास येते. दुकानांचे कॅटलॉग, ग्रंथालयांच्या याद्या, संस्थांची जुनी कागदपत्रं, सगळीकडे हाच बिघाड इतक्यांदा दुरुस्त केलाय की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. तोच इथे देतो.

उदाहरणासाठी साड्यांच्या दुकानाचा इंडेक्स धरू. फील्ड अशी: नाव, प्रकार, रंग, काठ, गाव, कोड आणि वर्णन. ही सगळी "सर्व_मजकूर" नावाच्या फील्डमध्ये कॉपी होतात असं समजा.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढे वाचा.

- "येवला जांभळी पैठणी" शोधलं तर शून्य निकाल, आणि साडी तर समोर दुकानात टांगलेली.
- कालपासून भरलेला माल सापडतो, त्याआधीचा सापडत नाही.
- सुटे शब्द दिले की साडी मिळते, तेच शब्द अवतरणचिन्हांत दिले की मिळत नाही.
- नेमक्या नावाची साडी पाचव्या-सहाव्या जागी आणि वर्णनात तो शब्द ओझरता आलेली भलतीच साडी पहिली.
- निकालात जुळलेला शब्द ठळक दिसायचा, तो आता दिसत नाही.
- एका मराठी लिखाणाने सापडतं, त्याच शब्दाच्या दुसऱ्या लिखाणाने नाही.
- फील्ड एकत्र केली, वेगात काडीचा फरक नाही.

एक गोष्ट मात्र बिघाड नव्हे. निकालात आलेल्या डॉक्युमेंटमध्ये (म्हणजे एका साडीच्या नोंदीत) "सर्व_मजकूर" दिसत नाही म्हणून बरेच जण घाबरतात. कॉपी_टू मूळ _सोर्सला, म्हणजे भरलेल्या डॉक्युमेंटच्या मूळ प्रतीला, हात लावत नाही. कॉपी फक्त इंडेक्समध्ये होते, शोधण्यापुरती. ते फील्ड दिसत नाही हे बरोबरच आहे.

मुळात वेग का वाढतो

मल्टी_मॅच क्वेरी (एकाच वेळी अनेक फील्डमध्ये शोधणारी) सात फील्डवर चालवली आणि ग्राहकाने तीन शब्द टाकले, तर इंजिनाला एकवीस ठिकाणी शब्द शोधावा लागतो, तोही इंडेक्सच्या प्रत्येक सेगमेंटमध्ये, म्हणजे तुकड्यात. शिवाय प्रत्येक फील्डचा वेगळा स्कोअर काढून त्यांचा मेळ घालायचा. एका फील्डवर हेच काम तीन शोधांत होतं. शोधताना करायची मेहनत आपण माल भरतानाच एकदा करून ठेवतो आणि त्याची किंमत डिस्कवर मोजतो. जुन्या आवृत्त्यांत _ऑल नावाचं फील्ड हे आपोआप करायचं. ६.० पासून नव्या इंडेक्सांत ते बंद झालं आणि ७.० मध्ये काढून टाकलं गेलं. आता काय गोळा करायचं ते आपण ठरवायचं, आणि ते चांगलंच आहे.

पहिली तपासणी: हळू नक्की काय आहे?

याला पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. इंजिनाच्या उत्तरात "टुक" नावाचा आकडा असतो, मिलिसेकंदांत. पान उघडायला तीन सेकंद लागत असतील आणि हा आकडा वीस-तीस असेल, तर इंजिन निर्दोष आहे. वेळ जातोय नेटवर्कवर, तुमच्या अ‍ॅपमध्ये, नाहीतर डॉक्युमेंटं परत आणण्यात. प्रत्येक साडीचं पानभर वर्णन आणि डझनभर चित्रांचे पत्ते यादीच्या पानावर आणायची गरज नसते. _सोर्स गाळून फक्त नाव, किंमत आणि एक चित्र मागवा. इथेच प्रकरण मिटल्याचं मी पुष्कळदा पाहिलंय.

मोजताना तीच क्वेरी लागोपाठ चालवून खूश होऊ नका. दुसऱ्या वेळी बराचसा भाग मेमरीतून येतो. शब्द बदलत राहा.

दुसरी तपासणी: क्वेरी खरोखर एकाच फील्डला विचारते का?

हास्यास्पद वाटेल, पण हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. मॅपिंगमध्ये, म्हणजे फील्डच्या आराखड्यात, एकत्रित फील्ड घातलेलं असतं आणि अ‍ॅपमधली क्वेरी जुनीच असते. किंवा त्याहून वाईट: जुन्या सात फील्डच्या यादीला "सर्व_मजकूर" आठवं म्हणून जोडलेलं असतं. म्हणजे काम कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. फील्डच्या जागी नुसती फुली (*), म्हणजे "सगळी फील्ड", असं लिहिलेलं असेल तरी तेच.

कोडमध्ये काय लिहिलंय यावर विश्वास ठेवू नका. इंजिनापर्यंत पोचलेली क्वेरी बघा. त्यासाठी शोधाचा स्लो लॉग (हळू क्वेरींची नोंदवही) थोडा वेळ चालू करा, मर्यादा शून्य मिलिसेकंद ठेवा म्हणजे प्रत्येक क्वेरी त्यात उतरेल, आणि बघून झाल्यावर आठवणीने बंद करा. चालू राहिला तर डिस्क भरतो.

"येवला जांभळी पैठणी" शून्य निकाल देत असेल तर त्याचं कारणही बहुधा इथेच सापडतं. मल्टी_मॅचचा मूळ प्रकार बेस्ट_फील्ड्स. त्यात ऑपरेटर "अँड" ठेवला तर सगळे शब्द एकाच फील्डमध्ये असायला हवेत असा त्याचा अर्थ होतो. येवला हे गाव, जांभळी हा रंग, पैठणी हा प्रकार. तीन शब्द तीन फील्डमध्ये, म्हणून एकही फील्ड अट पुरी करत नाही. एकत्रित फील्डवर साधी मॅच क्वेरी "अँड"सकट चालवा, साडी लगेच हजर होते. माझ्या मते वेगापेक्षा हा फायदा मोठा आहे. ग्राहक काही फील्ड डोळ्यांसमोर ठेवून शोधत नाही, तो एक वाक्य टाकतो.

तिसरी तपासणी: मॅपिंग वाचा

चालू इंडेक्सचं मॅपिंग मागवा. आपल्या फाइलमधलं नको, इंजिन सांगतं ते. त्यात या गोष्टी बघायच्या.

कॉपी_टू प्रत्येक मूळ फील्डवर आहे का, आणि लक्ष्य-फील्डचं नाव अक्षरशः तेच आहे का. एका ठिकाणी "सर्व_मजकूर" आणि दुसरीकडे "सर्वमजकूर" असेल तर सहसा चूक दाखवली जात नाही. डायनॅमिक मॅपिंग चालू असेल, आणि मूळ सेटिंग तेच असतं, तर इंजिन बिनबोभाट दुसरं फील्ड तयार करतं. डायनॅमिक "फॉल्स" असेल तर मजकूर कॉपीच होत नाही, तेही न सांगता. "स्ट्रिक्ट" असेल तर मात्र डॉक्युमेंट भरतानाच चूक येते. म्हणून मी नव्या कामात "स्ट्रिक्ट"च ठेवतो. मुकाट्याने बिघडण्यापेक्षा ओरडून बिघडलेलं बरं.

साखळी तर नाही ना, हेही बघा. रंग कॉपी होतो "गुणधर्म"मध्ये आणि गुणधर्म कॉपी होतो "सर्व_मजकूर"मध्ये, अशी मांडणी चालत नाही. कॉपी एकाच पायरीची असते, त्यामुळे रंग शेवटपर्यंत पोचत नाही. त्याऐवजी रंगाच्या कॉपी_टूमध्ये दोन्ही लक्ष्यांची यादी द्या. सोलर या दुसऱ्या शोध-इंजिनातल्या कॉपीफील्डलाही हाच नियम आहे.

लक्ष्य-फील्ड कीवर्ड प्रकाराचं (मूल्य न तोडता अख्खं ठेवणारं) असेल तर थांबा. सगळे मजकूर जोडून एक लांब ओळ तयार होते असा समज असतो, पण तसं होत नाही. प्रत्येक मूळ मूल्य वेगळंच राहतं, फक्त एका फील्डखाली येतं. शोधासाठी लक्ष्य टेक्स्टच हवं. मूळ फील्ड कीवर्ड किंवा आकडा असलं तरी हरकत नाही, कारण कॉपी होतं ते कच्चं मूल्य, त्यातून निघालेले टोकन (शोधासाठी तोडलेले शब्द) नव्हेत.

आणि महिन्याला नवा इंडेक्स बनत असेल तर टेम्प्लेट (नव्या इंडेक्सचा साचा) बघा. टेम्प्लेटमधला बदल पुढच्या इंडेक्सला लागतो, आधीच्यांना नाही.

चौथी तपासणी: जुना माल आत गेलाय का?

कॉपी_टू चालू इंडेक्सच्या मॅपिंगमध्ये नंतरही घालता येतं. इंजिन कुरकुर करत नाही, आणि इथेच माणूस फसतो. बदल लागू होतो तो त्यानंतर भरलेल्या डॉक्युमेंटांना. आधीची पन्नास हजार होती तशीच राहतात.

ओळखणं सोपं आहे. बूल क्वेरीच्या (अनेक अटी जोडणाऱ्या क्वेरीच्या) मस्ट_नॉटमध्ये, म्हणजे नको असलेल्या अटींत, "सर्व_मजकूर" अस्तित्वात आहे ही अट घाला आणि मोजणी मागा. उत्तर शून्य आलं तर पुढे चला. आकडा आला तर तेवढी डॉक्युमेंटं एकत्रित फील्डशिवाय पडून आहेत.

उपाय: अपडेट_बाय_क्वेरी, कोणतीही स्क्रिप्ट न देता. इंजिन प्रत्येक डॉक्युमेंट _सोर्समधून उचलतं आणि नव्या मॅपिंगने तिथेच पुन्हा भरतं. दरम्यान कोणी तीच साडी बदलली तर संघर्षाची चूक येऊन काम अर्ध्यावर थांबतं, म्हणून संघर्ष आला तरी पुढे जा असं सांगणारा पर्याय द्या. काम रात्री करा आणि आधी डिस्क बघा. जुनी प्रत लगेच पुसली जात नाही, सेगमेंट एकत्र होईपर्यंत ती जागा अडवून बसते. मूळ सेटिंगनुसार डिस्क ८५ टक्के भरला की त्या नोडवर (सर्व्हरवर) नवे शार्ड (इंडेक्सचे हिस्से) दिले जात नाहीत, ९० टक्क्यांना असलेले हलवायला सुरुवात होते आणि ९५ टक्क्यांना इंडेक्सवर लिहिणंच बंद होतं. डिस्क सत्तरीच्या पुढे असेल तर मी आधी जागा करतो, मग हे काम.

काही जण कॉपी_टू न वापरता अ‍ॅपमध्येच सगळे मजकूर जोडून एक फील्ड पाठवतात. चालतं. पण मग दुकानदाराने रंग "जांभळा"वरून "वांगी" केला की जोडलेलं फील्डही बदलायची जबाबदारी अ‍ॅपवर येते आणि कोणीतरी ती विसरतो. कॉपी_टूमध्ये अपडेट आलं की इंजिन _सोर्सवरून पुन्हा कॉपी करतंच.

सोलर वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: अ‍ॅटॉमिक अपडेट (डॉक्युमेंटचं एखादंच फील्ड बदलणं) करत असाल तर कॉपीफील्डचं लक्ष्य स्टोअर करू नका. केलंत तर दर अपडेटला आधीचं साठवलेलं मूल्य आणि नवी कॉपी दोन्ही आत जातात आणि फील्ड फुगत राहतं. "जुना रंग अजून सापडतोय" ही तक्रार सोलरवर आली तर मी प्रथम हेच बघतो.

पाचवी तपासणी: अ‍ॅनालायझर, आणि आपली मराठी

यावर जरा वेळ घालवा. इंग्रजीतले लेख इथे घाईने पुढे जातात, कारण त्यांच्यासाठी सगळं तयार असतं.

एकत्रित फील्डचा अ‍ॅनालायझर (मजकूर तोडून शोधण्याजोगे शब्द बनवणारा भाग) त्याचा स्वतःचा असतो. "नाव" फील्डवर तुम्ही कष्टाने बसवलेला अ‍ॅनालायझर कॉपीबरोबर जात नाही. लक्ष्य-फील्ड डायनॅमिक पद्धतीने आपोआप तयार झालं असेल, तर त्याला साधा स्टँडर्ड अ‍ॅनालायझर मिळतो. "आधी सापडायचं, एकत्र केल्यापासून सापडत नाही" याचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण.

तपासायला अ‍ॅनालाइझ एपीआय आहे. इंडेक्सचं नाव, फील्डचं नाव आणि मजकूर द्या, टोकन समोर येतात. तोच मजकूर आधी "नाव" फील्डसाठी आणि मग "सर्व_मजकूर"साठी द्या. टोकन वेगळे आले की दोष सापडला.

मराठीत नेहमी अडकणारे शब्द मी ठरवूनच ठेवले आहेत. पहिला "पांढऱ्या". यातला ऱ दोन तऱ्हांनी साठवला जातो. काही कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर देतात, काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, इंजिनाला ते दोन वेगळे शब्द असतात. दुकानदाराने एका पद्धतीने भरलं आणि ग्राहकाने फोनवरून दुसऱ्या पद्धतीने शोधलं की शून्य निकाल. दुसरी अडचण आकड्यांची: "९ वारी" आणि लॅटिन आकड्यातलं नऊ. तिसरी ह्रस्व-दीर्घाची. "जांभळी" नीट लिहिलं जातं, पण "कुसुंबी"चं "कुसूंबी" सहज होतं.

इलॅस्टिकसर्चमध्ये हिंदीचा आणि बंगालीचा तयार अ‍ॅनालायझर आहे, मराठीचा नाही. म्हणून लोक हिंदीचा जसाच्या तसा लावतात. तसं करू नका. त्यातला प्रत्यय कापणारा भाग हिंदीच्या प्रत्ययांसाठी लिहिलेला आहे, मराठीवर तो कुठे कापेल याचा नेम नाही. पण त्यातले सुटे फिल्टर उपयोगी आहेत. मी स्टँडर्ड टोकनायझरवर हा क्रम लावतो: लोअरकेस (कोड आणि ब्रँडसाठी), डेसिमल_डिजिट, इंडिक_नॉर्मलायझेशन, हिंदी_नॉर्मलायझेशन. डेसिमल_डिजिट ९ आणि त्याचं लॅटिन रूप एक करतो. हिंदी_नॉर्मलायझेशन अदृश्य जोडचिन्हं आणि हलन्त काढतो, ऱचा र करतो, दीर्घ स्वर ह्रस्व करतो, ॉचा ो करतो. परिणामी काही वेगळे शब्दही एक होतात. साड्यांच्या दुकानात मला ते चालतं. कायद्याच्या कागदपत्रांत चालेलच असं नाही, तिथे दोनदा विचार करा.

"येवला" आणि "येवल्याची", "जांभळी" आणि "जांभळ्या" यांचा मेळ मात्र यातल्या कशानेही बसत नाही. आपली सामान्यरूपं शब्दाचं अंगच बदलतात. गावं आणि रंग मोजके असतात, म्हणून त्यांच्यापुरती समानार्थी शब्दांची यादी हाताने बनवणं हाच स्वस्त उपाय. शे-दोनशे ओळींची यादी दुकानाला पुरते. ती शोधाच्या बाजूच्या अ‍ॅनालायझरमध्ये ठेवा, म्हणजे यादी बदलली तरी सगळा माल पुन्हा भरावा लागत नाही.

फील्डचा मुख्य अ‍ॅनालायझर बदलायचा असेल तर मात्र चालू इंडेक्सवर ते होत नाही, नवा इंडेक्सच लागतो. त्याची पद्धत पुढे आहे.

सहावी तपासणी: अवतरणातला शोध

गावात "येवला" आणि प्रकारात "पैठणी" असताना "येवला पैठणी" अवतरणात शोधलं की काही मिळत नाही. शब्द दोन्ही आहेत, एकाच फील्डमध्ये आहेत, मग का? कारण कॉपी झालेल्या दोन मूल्यांमध्ये इंजिन मुद्दाम अंतर ठेवतं. पोझिशन_इंक्रिमेंट_गॅप नावाची ही किंमत मुळात १०० असते. गावाचा शेवटचा शब्द पाचव्या जागी असेल तर पुढच्या मूल्याचा पहिला शब्द शंभराच्या पलीकडे बसतो. फ्रेज क्वेरीला, म्हणजे अवतरणातल्या शोधाला, ते शेजारी वाटत नाहीत.

हे अंतर उगाच ठेवलेलं नाही. ते नसेल तर एका साडीचा "लाल" रंग आणि लगेच पुढचा "काठ सोनेरी" मिळून "लाल काठ" अशी जुळणी होईल, आणि त्या साडीला लाल काठ नाहीच. म्हणून गॅप सरसकट शून्य करू नका. फ्रेज-शोध मूळ फील्डवर चालवा, तो तिथेच शोभतो. गाव आणि प्रकार खरोखर जोडीनेच शोधले जात असतील तर त्या दोनांपुरतं छोटं वेगळं एकत्रित फील्ड करा आणि तिथे गॅप शून्य ठेवा.

ठळक अक्षरांचं दुखणंही याच घरातलं. शोध "सर्व_मजकूर"वर, आणि हायलायटर नाव-वर्णनावर. हायलायटर मुळात ज्या फील्डवर शोध झाला तेच रंगवतो. रिक्वायर_फील्ड_मॅच फॉल्स करा आणि हायलाइटसाठी मूळ फील्ड द्या. एकत्रित फील्ड साठवून ठेवायची गरज नाही, डिस्क वाचतो.

सातवी तपासणी: क्रम

सगळं सापडतंय पण चुकीच्या क्रमाने, ही तक्रार शेवटी येते आणि सर्वांत जास्त काळ टिकते. तिचं मूळ एकत्र करण्यातच आहे. सात फील्ड एकत्र झाली की शब्द नावात होता की वर्णनाच्या तळाशी, ही माहितीच पुसली जाते. स्कोअर काढणारं बीएम२५ हे सूत्र फील्डची लांबी बघतं, पण आता नाव आणि वर्णन मिळून लांबी एकच. छोटं वर्णन असलेली साडी उगाच वर येते, आणि ज्या वर्णनात "पैठणीसारखा पदर" वगैरे चार वेळा लिहिलंय ती साडी पैठणी नसूनही पुढे घुसते.

म्हणून नियम एवढाच: एकत्रित फील्ड सापडण्यासाठी, मूळ फील्ड क्रम लावण्यासाठी. बूल क्वेरीच्या मस्टमध्ये (सक्तीच्या अटींत) "सर्व_मजकूर"वर मॅच, ऑपरेटर "अँड". शुडमध्ये (जुळलं तर वर आणणाऱ्या अटींत) नावावर मॅच, बूस्ट (वजन) तीन-चार. प्रकारावर एक, बूस्ट दोन. बस. मस्टमुळे यादी आधीच लहान झालेली असते, त्यामुळे शुडमधल्या दोन फील्डचं ओझं जाणवत नाही. बूस्टचे आकडे दशांशात घासत बसू नका. दुकानातल्या माणसाकडून वीस खरे शोध आणि त्यांची अपेक्षित पहिली साडी लिहून घ्या, आणि दर बदलानंतर तेवढेच तपासा.

वर्णन एकत्रित फील्डमध्ये घालायचंच का? बहुतेक कॅटलॉगांत माझं उत्तर नाही. नाव, प्रकार, रंग, काठ, गाव, कोड एवढं पुरतं. वर्णनात "लग्नसमारंभासाठी उत्तम" हे प्रत्येक साडीला लिहिलेलं असतं. ते आत घेतल्याने इंडेक्स फुगतो आणि क्रम बिघडतो. वर्णनावरचा शोध शुडमध्ये, कमी बूस्टने, एवढाच हक्क त्याला पुरे.

कॉपी न करताही हाच परिणाम मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. इंडेक्सला हात लावणं शक्यच नसेल तर ते वापरा. क्रॉस_फील्ड्स प्रकारची मल्टी_मॅच शब्द कुठल्याही फील्डमध्ये चालवून घेते, पण सर्व फील्डचा अ‍ॅनालायझर सारखा हवा. वेगळे असले तर ती फील्डचे गट पाडते आणि "अँड" पुन्हा गटापुरता उरतो. ७.१३ पासून कंबाइंड_फील्ड्स नावाची क्वेरी आली. ती फील्डना वजन देऊन, जणू एकच फील्ड असल्यासारखा स्कोअर काढते. गणित चोख आहे, पण तिलाही टेक्स्ट फील्ड आणि सारखाच अ‍ॅनालायझर लागतो, आणि शोधताना काम प्रत्येक फील्डवर होतंच. वेग हवा असेल तर कॉपी, क्रमाची अचूकता हवी असेल तर ही. ओपनसर्च हा इलॅस्टिकसर्चचाच फाटा ७.१० वरून फुटला, त्यामुळे तिथे असाल तर तुमच्या आवृत्तीत ही क्वेरी आहे का ते आधी बघून घ्या.

आठवी तपासणी: अजूनही हळू असेल तर

आता प्रोफाइल चालू करून क्वेरी चालवा. प्रोफाइलमुळे क्वेरी स्वतःच थोडी मंदावते, म्हणून त्यातले आकडे एकमेकांशी ताडून बघा, घड्याळाशी नको. कुठला तुकडा वेळ खातो ते कळतं. बहुतेकदा गुन्हेगार फील्डची संख्या नसते. शब्दाच्या सुरुवातीला फुली असलेली वाइल्डकार्ड क्वेरी असते, ती शब्दकोश जवळजवळ पूर्ण चाळते. नाहीतर प्रत्येक शब्दावर लावलेलं फझी (जवळपासची लिखाणंही जुळवणारं). नाहीतर हजारावं पान मागणारा एखादा बॉट.

शार्डही मोजा. एका शार्डचा आकार १० ते ५० जीबी असावा असं इलॅस्टिकचंच मार्गदर्शन आहे. आपल्या दुकानाचा सगळा इंडेक्स अर्धा जीबीसुद्धा नसतो, आणि कोणीतरी "पुढे वाढेल" म्हणून वीस शार्ड केलेले असतात. प्रत्येक शोध वीस ठिकाणी जाऊन परत येतो. एक शार्ड करा.

नवा इंडेक्स बनवायचाच असेल तर एकदाच, सगळे बदल मिळून. नव्या नावाने इंडेक्स, त्यात नवा अ‍ॅनालायझर, कॉपी_टू, योग्य शार्ड. मग री-इंडेक्स. ते चालू असताना रेप्लिका (शार्डच्या जादा प्रती) शून्य आणि रिफ्रेश (नवा माल शोधात दिसू लागणं) बंद ठेवलं तर काम लवकर उरकतं, संपल्यावर दोन्ही पूर्ववत. चौथ्या तपासणीतली मोजणी पुन्हा करा, वीस शोध तपासा, आणि मग अ‍ॅलिअस (इंडेक्सचं टोपणनाव) जुन्यावरून नव्यावर वळवा. अ‍ॅप अ‍ॅलिअसशी बोलत असेल तर ग्राहकाला पत्ताही लागत नाही. जुना इंडेक्स आठवडाभर तरी पुसू नका.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पुढीलपैकी काही असेल तर वरचं काहीही स्वतः करून बघू नका.

क्लस्टरची (सगळ्या नोडच्या समूहाची) अवस्था लाल आहे. म्हणजे एखादा मुख्य शार्ड जागेवर नाही. हा फील्डचा प्रश्नच नाही, आणि अशा वेळी री-इंडेक्स केलं तर अर्धाच माल नव्या इंडेक्समध्ये येईल.

मॅपिंगमध्ये _सोर्स बंद केलेला आहे. मग अपडेट_बाय_क्वेरीही नाही आणि री-इंडेक्सही नाही. मूळ डेटाबेसमधून सगळं पुन्हा भरावं लागेल, आणि तो डेटाबेस पूर्ण आहे का हे आधी कोणीतरी पडताळायला हवं.

स्नॅपशॉट (राखीव प्रत) घेतलेला नाही, किंवा घेतलाय पण परत उतरवून कधीच पाहिलेला नाही.

इंडेक्स "फक्त वाचा" अवस्थेत गेलाय कारण डिस्क भरला. ती खूण जबरदस्तीने काढून लिहिणं चालू करू नका. आधी जागा, मग बाकीचं. जागा कुठून करायची हे कळत नसेल तर पुसायला हात लावू नका.

सर्किट ब्रेकरच्या (मेमरी संपू नये म्हणून काम अडवणाऱ्या सोयीच्या) चुका वारंवार येतात किंवा नोड मधूनच क्लस्टरबाहेर पडतात. हीप मेमरी वाढवून बघण्याचा मोह होतो. ती एकूण रॅमच्या निम्म्याहून जास्त देऊ नये, आणि त्यापलीकडचं निदान अनुभवाने होतं.

मराठीची सामान्यरूपं ओळखणारं खरं विश्लेषण हवं असेल, म्हणजे समानार्थी यादीने भागणार नाही इतका मोठा आणि विविध मजकूर असेल, तर ते भाषेचं आणि प्लगइन लिहिण्याचं वेगळं काम आहे. त्याला तसा माणूस शोधा.

बोलावलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी या वस्तू द्या: इंजिनाची आवृत्ती, इंजिनाकडून मागवलेलं मॅपिंग आणि सेटिंग, स्लो लॉगमधल्या चार-पाच खऱ्या क्वेरी, एका हळू क्वेरीचं प्रोफाइल, अ‍ॅनालाइझचं दोन्ही फील्डचं उत्तर आणि ती वीस शोधांची यादी. यादीत ग्राहकाने टाकलेला मजकूर टंकून देऊ नका, लॉगमधून जसाच्या तसा उचलून द्या. नाहीतर "पांढऱ्या"मधलं ते न दिसणारं चिन्ह वाटेतच गळतं आणि दोष त्याच्या यंत्रावर दिसतच नाही.